कागदाची कोरी बाजू

परवा खालच्या आळीतली एक पोर माझ्याकडं आली. मुंबईला नर्सिंग शिकते. ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "आजोबा, तुमी बाहेरदेशी इस्पितळात काम शिकलेले ना? मग तसं कुणाच्या हाताखाली राहून शिकलेलं दुसऱ्या देशात धरतात का? का तिथं गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून?"

मी म्हणालो, "धरतात."

ती खूश झाली. चहासुद्धा न घेता उठली. तिला तेवढंच विचारायचं होतं आणि मी तेवढंच सांगितलं. माझं कशावर धरलं ते तिनं विचारलं नाही. ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझी शाळा तिसरीत सुटली, अक्षर माझं वाकडं, पण हात अजून थरथरत नाही. म्हणून लिहून ठेवतो.

दुसऱ्या लढाईत मी बसऱ्याला होतो. बंदूक धरायला गेलो होतो, पण छाती दोन बोटं कमी भरली म्हणून इस्पितळात टाकला. पहिले सहा महिने मोऱ्या धुतल्या, भांडी काढली. मग एक दक्षिणेकडचा हवालदार होता, काळा, बुटका, तोंडानं फाटका, त्यानं मला हाताखाली घेतला. त्यानं मला पट्टी शिकवली, सुई शिकवली, ताप मोजून पाटीवर रेघ ओढायला शिकवली. इंग्रजी मला आजही वाचता येत नाही, पण ती रेघ बघून मी माणूस कुठं चाललाय ते सांगत असे. हवालदाराचा एक नेम होता. लोखंड उकळल्याशिवाय कातडीला लावायचं नाही. कुणी लावलं तर तो भर वॉर्डात कानाखाली वाजवायचा. मला कधी वाजवली नाही. माझ्या हातात ते बसलं होतं.

तिथं एक अंधारी खोली होती. खिडक्यांना काळी कांबळी लावलेली. आत जायचं तर बूट बाहेर काढायचे. धनुर्वाताची माणसं त्या खोलीत ठेवत. माझ्या वेळेला दोन आली. त्यातला एक पंजाबकडचा, तालमीतला गडी होता, पायात साधा खिळा गेला होता त्याच्या. मी आत गेलो तेव्हा तो हसतोय असं मला वाटलं. हवालदार माझ्या कानात म्हणाला, "हसत नाही तो. जबडा आवळलाय." दाराची कडी वाजली की तो गडी धनुष्यासारखा उचलला जायचा. दोघांतला एकही त्या खोलीतून चालत बाहेर आला नाही.

लढाई संपली. मला एक कागद मिळाला. मोठ्या डॉक्टरनं टंकयंत्रावर लिहून दिलेला, खाली शिक्का. हा इस्पितळात राहून, काम करून शुश्रूषा शिकला, असं त्यात होतं म्हणे. कागद जाड, पांढरा, आणि मागची बाजू कोरी. हवालदारानं निघताना मला एक कात्री दिली. बाकीच्यांना काही दिलं नाही.

मुंबईला उतरलो तेव्हा बंदरावर एक माणूस भेटला. आखातात तेलाच्या विहिरी निघाल्या होत्या, तिथल्या इस्पितळाला शिकलेली माणसं हवी होती. त्यानं माझा कागद उलटासुलटा केला.

"हा लष्कराचा," तो म्हणाला. "नुसत्या लष्कराच्या कागदावर तिकडं घेत नाहीत. मागं कोऱ्या बाजूला एखाद्या पदवीच्या डॉक्टरकडून लिहून आण, की ह्या माणसाला काम येतं. मग बोटीत बसलास म्हणून समज. संक्रांतीच्या आत ये."

माझं गाव टोकावड्याच्या वर, डोंगराच्या अंगाला. तिथं कुठला पदवीचा डॉक्टर? मुरबाडला बाजारात एक म्हातारा डॉक्टर बसायचा. घरी एक रात्र काढली आणि तसाच खाली गेलो. कोळशाची लॉरी मिळाली, तोंड काळं घेऊनच त्याच्या पायरीवर चढलो.

त्यानं कागद वाचला. चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "शिकलास ते बसऱ्याला. मी तुला काम करताना पाहिलं का?"

"नाय पाहिलं. पण मी दोन वर्षं..."

"मग मी काय बघून लिहू? तुझं तोंड?"

मला राग आला. बसऱ्याच्या साहेबानं लिहिलं ते ह्याला पुरत नाही. मी कागद ओढून घेतला.

"अरे, थांब," तो म्हणाला. "एक रोगी दाखव मला. त्याला काय झालंय ते तू सांग. बरोबर निघालं तर त्याच मिनिटाला लिहितो. जा, शोध एखादा."

मी घरी आलो आणि रोगी शोधायला लागलो. लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं. कार्तिक सरत आला होता, खळ्यावर झोडणी चालू होती, आणि मी लोकांच्या हातापायांकडं बघत फिरत होतो. कुणाला कापलंय का, कुणाचं गळू पिकलंय का. एकाच्या पोटरीला जखम होती, मी म्हटलं दाखव, तर तो म्हणाला, "तुझ्या बसऱ्याचं तुझ्यापाशी ठेव रं," आणि पाला चोळून मोकळा झाला. महिनाभर सगळं गाव धडधाकट होतं. मला त्याचा वैताग यायचा.

माझी धाकटी बहीण तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली. पहिलं बाळंतपण. किन्हवलीकडं दिलेली तिला. बाप लहानपणीच गेला, त्यामुळं तिला कडेवर मीच वाढवली. ती मला दादा म्हणायची, आणि माझा कागद लुगड्यात गुंडाळून पेटीत तिनंच ठेवलेला. "दादा, ह्याला डाग लागू देऊ नको हां," असं वर मलाच दटावलेलं.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी तिला कळा लागल्या. त्या दिवशी झोडणी बंद ठेवली, खळ्यावरची माणसं घरी पाठवली. मी चुलीवर भांडं चढवलं, त्यात हवालदाराची कात्री टाकली आणि उकळत ठेवली. बरोबर घड्याळ नव्हतं. पाणी आटून निम्मं होईपर्यंत असा माझा हिशेब.

सुईण आली. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली, मीसुद्धा. तिनं भांड्यात डोकावलं.

"ह्ये काय रं? कातरीची आमटी?"

बायका हसल्या. मी म्हणालो, "नाळ हिनं कापायची. आणि वर राख लावायची नाय. कोरडं फडकं, तेपण उकळलेलं."

"बाप्यानं मला सांगायचं?" सुईण म्हणाली. "बसऱ्याला बायका बाळंत व्हायच्या का रं तुज्या इस्पितळात?"

पुन्हा हसल्या. आईनं कमरेवर हात ठेवून माझ्याकडं पाहिलं. भिंतीच्या फटीतून विळा काढला. आमच्या घरात रीत अशी, की ज्या विळ्यानं त्या सालचं भात कापलं त्याच विळ्यानं घरातल्या पोराची नाळ कापायची. त्यानं पोराला अन्न कमी पडत नाही.

"ह्याच्यानंच तुझी कापली," आई म्हणाली. "मेलास का तू?"

"आये, मी शिकून आलोय."

"शिकलास ते तिकडं. हितं बायकांच्या कामात तोंड घालू नको. जा, बाहेर बस."

असं मला आईनं चार बायकांत सांगितलं. ज्या कामासाठी साहेब मला नावानं हाक मारायचा, त्या कामाला. मी फडक्यानं भांडं धरलं, अंगणात आलो आणि कात्रीसकट पाणी ओतून दिलं. "मग मला कायपण विचारू नका," असं मोठ्यांदा म्हणालो, आणि खळ्याकडं चालू लागलो.

तेव्हा आतून बहिणीचा आवाज आला. दोन कळांच्या मधल्या वेळात बाई बोलते तसा, एका दमात. "दादा! आत दे रे ती कातरी! आये, दादा म्हणतो तसं कर ना गो!"

मी अंगणाच्या कडेला होतो. सगळीकडं शांत होतं. कात्री मातीत पडून वाफा टाकत होती. मला वाटलं, आता आईनं स्वतः बाहेर येऊन बोलवावं. मी पाच-सात पावलं हळू चाललो. आई आली नाही. मग मी वळलोच नाही.

मुलगा झाला. दिवस मावळायच्या आत झाला. रात्री मला दाखवायला आणला. तांबूस, डोक्यावर दाट केस, आणि बेंबीवर शेणीच्या राखेचा काळा ठिपका, रुपयाएवढा. मी म्हणालो, "छान आहे."

पण दुसऱ्या दिवसापासून मी दिवस मोजायला लागलो. हवालदारानं सांगितलेलं होतं, की खिळा घुसल्यावर आजार त्याच दिवशी येत नाही, आठवडाभर आत बसून राहतो. मी वाट बघत होतो असं नाही. कुणी तसं म्हणेल तर मी त्याला दारात उभा करणार नाही. पण मोजत होतो. सकाळी उठलो की आधी कान द्यायचो, पोर रडतंय का. रडायचं. छातीला लागायचं तेव्हा चुटूचुटू आवाज बाहेर ओटीपर्यंत यायचा. तिसऱ्या दिवशी आला, चौथ्या दिवशी आला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी पाचवी पुजली. मी त्या वेळेला टोकावड्याला गेलो होतो, मुद्दाम. सहाव्या दिवशी सकाळी घरात आलो तर बाळंतिणीच्या खाटेपाशी पाटा मांडलेला होता, वर हळदकुंकू, बाजूला तो विळा, एक शिसपेन्सिल, आणि त्या सगळ्याच्या खाली माझा कागद. कोरी बाजू वर. त्यावर कुंकवाची पाच बोटं आणि तेलाचा डाग.

"आये! हे काय केलंस?"

"का? कोरा होता," आई म्हणाली. "सटवाई येते पोराचं नशीब लिहायला. तिला लिहायला काय केळीचं पान देऊ? घरात दुसरा कागद होता का? आणि असा जाड, सरकारी! तुझ्या भाच्याचं नशीब चांगल्या कागदावर नको?"

"मागं डाक्टरनं लिहायचं होतं गो!"

"लिहील की. जागा हाय अजून."

मी धोतराच्या सोग्यानं कुंकू पुसायला गेलो. आईनं माझं मनगट धरलं. तिच्या हातात एवढा जोर असेल असं मला ठाऊक नव्हतं. "पुसू नको. तिनं काय लिहिलंय ते तुला दिसतंय का? मग पुसू नको."

बहीण खाटेवरून बघत होती. माझ्या कागदाला डाग लागला तरी ती काही बोलली नाही. पोर तिच्या छातीशी होतं. चुटूचुटू आवाज येत होता. मी पुसलं नाही.

सातव्या दिवशी सकाळी तो आवाज आला नाही.

मी ओटीवर बसून राहिलो. येईल, येईल. मग बहिणीनं हाक मारली, ह्या वेळेला हळू. "दादा, हा पीत नाय. भूक लागली म्हणून रडतो, पण तोंडच उघडत नाय. बघतोस का?"

मी हात धुतले. पुन्हा धुतले. आत गेलो, करंगळी त्याच्या ओठांत घातली. सात दिवसांचं पोर बोट चोखतं. ह्यानं चोखलं नाही, हिरड्या माझ्या बोटावर आवळल्या. कोपऱ्यात सुईणीच्या हातून तांब्या कलंडला, आणि त्याच्या पाठीची कमान झाली. तोंड असं ओढलं गेलं की आई म्हणाली, "बघ, हसला! हसतोय गो!"

मी कागद घेतला आणि पळत टोकावडं गाठलं. लॉरी नव्हती. निम्मी वाट चाललो, पुढं एका गवताच्या गाडीनं नेलं. मुरबाडला पोचलो तेव्हा दुपार उलटली होती. डॉक्टर पाट्या आत घेत होता.

"रोगी आणलास का?" त्यानं मला ओळखलं होतं.

"घरी हाय. लस द्या. धनुर्वात हाय."

"कोण म्हणतं?"

"मी."

त्यानं माझ्या हातातला कागद घेतला. कुंकू बघितलं, पण हसला नाही. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "सांग."

"बोट चोखत नाय. हिरडी आवळतं. रडायला बघतं पण जबडा सुटत नाय. भांडं वाजलं की ताठ होतं, कमान होते."

"किती दिवसांचं?"

"आज सातवा."

"नाळ कशानं कापली?"

"विळ्यानं. भात कापायच्या."

"वर?"

"शेणीची राख."

त्यानं चष्मा काढला. "तू घरात होतास?"

"होतो."

"आणि तुला हे सगळं ठाऊक होतं."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"माझ्याकडं लस नाही," तो म्हणाला. "कल्याणला असेल. जाऊन येईपर्यंत उद्याची रात्र. आणि आली तरी... तिकडं जवान बघितलेस ना तू? किती उठले?"

"एकपण नाय."

"हे सात दिवसांचं आहे. घरी जा. खोलीत अंधार कर, कुणाला आवाज करू देऊ नकोस. तेवढाच त्रास कमी."

मग त्यानं दौत पुढं ओढली. मला कळलंच नाही तो काय करतोय. कागद उलटा केला, कुंकवाच्या बोटांच्या खाली जागा बघितली आणि तीन ओळी लिहिल्या. खाली सही, शिक्का. फुंकर मारून वाळवलं आणि माझ्यापुढं केलं.

"बोललो होतो," तो म्हणाला. "तुला काम येतं."

मी तो कागद फाडून त्याच्या तोंडावर टाकायला हवा होता. मी त्याची नीट चार घड्यांची घडी केली आणि खिशात ठेवला.

घरी आलो आणि खिडकीला कांबळं लावलं. वहाणा बाहेर काढायला लावल्या. खळ्यावरची झोडणी थांबवली, कोंबड्या डालून दूर नेऊन ठेवल्या. आई, सुईण, शेजारच्या बायका, सगळ्या मी सांगेन तसं करत होत्या, कुणी हसत नव्हतं. त्या घरात माझा शब्द पहिल्यांदा चालला तो त्या दिवशी. मी कापसाच्या बोळ्यानं पोराचे ओठ ओले करत बसलो. आठव्या दिवशी दुपारच्या आत ते गेलं.

नंतर आईनं कागद माझ्या खिशातून काढला, उघडला. मागची शाई बघितली. तिला अक्षर येत नव्हतं, मला ते अक्षर येत नव्हतं. "हे तिनं लिहिलं?" ती म्हणाली.

"डाक्टरनं."

"डाक्टरच्या हातानं तिनंच लिहिलं." आई खाली बसली. "तिच्या मनात होतं. आपण काय करणार?"

दोष सटवाईवर गेला आणि मी तो जाऊ दिला. आई मरेपर्यंत तो तिथंच राहिला.

कागद पुढं चालला. बंदरावरच्या माणसानं लाल बोटांकडं बघून विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, औषध सांडलं. आखातात मला तीन वर्षं ठेवून घेतलं, हाताखाली चार माणसं दिली. त्या पोरीला मी खोटं सांगितलेलं नाही. धरतात.

पण मुंबईला निघालो त्या दिवशीचं राहिलं. बहिणीचा नवरा तिला न्यायला बैलगाडी घेऊन आला होता. मी त्याच गाडीत बसलो. सरळगावला वाट फुटते, एक मुरबाडकडं, एक किन्हवलीकडं. मी तिथं उतरलो. तिचा नवरा बैलांना पाण्यावर घेऊन गेला. ती गाडीत बसलेली, मी खाली उभा, पेटी पायाशी.

"दादा," ती म्हणाली, "त्या दिवशी मी तुला हाक मारली. कातरीसाठी. तुला ऐकू नाय आली ना?"

माझा हात खिशावर होता. कागद त्यातच होता.

"नाय गो बाय," मी म्हणालो. "खळ्यावर झोडणी चालू होती ना."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग पदर पुढं ओढला आणि तोंड बैल गेले होते त्या बाजूला फिरवलं.

"हां," ती म्हणाली. "चालू होती झोडणी."